गुणाढ्याचे आकाशयंत्र आणि फ्रेंच कादंबरीकारांची चंद्रयात्रा

डोहाळे नाना प्रकारचे असतात. कोणा गर्भवतीस चिंच हवीशी वाटते, तर कोणीस भाजलेली माती. वत्सदेशाचा राजा उदयन याची राणी वासवदत्ता हिला मात्र आकाशमार्गाने फिरून सारी पृथ्वी पाहण्याचे डोहाळे लागले. राजाज्ञा सुटली आणि सुतारांना बोलावणे गेले. त्यांनी उत्तर दिले की, इतर प्रकारची यंत्रे आम्हांस ठाऊक आहेत. परंतु आकाशयंत्र ही यवनांची विद्या, ती आमच्या पाहण्यातही आलेली नाही.

ही कथा बुधस्वामीच्या 'बृहत्कथाश्लोकसंग्रह' या संस्कृत ग्रंथात आली आहे आणि तिला जोडूनच दुसरी एक कथा तेथे सांगितली आहे. पुक्वसक नावाच्या एका सुताराचा जावई विश्विल यास ती यवनांची विद्या अवगत होती. तो कोंबड्याच्या आकाराच्या यंत्रावर बसून रात्री आकाशमार्गाने बायकोकडे येत असे. ही गोष्ट राजाच्या कानी गेली. ती विद्या जावयाकडून काढून घेण्यासाठी राजाने सासऱ्यास धारेवर धरले. जावयाने मात्र गुपित पोटात ठेवले, आणि प्रसंग हातघाईवर येताच बायकोस घेऊन त्याच कोंबड्यावरून तो रातोरात उडून गेला. राजाच्या हाती काहीच लागले नाही. वासवदत्तेचे डोहाळे पुढे एका परक्या कारागिराने गरुडाच्या आकाराचे यंत्र करून पुरविले. परंतु ते यंत्र कसे चालते हे त्यानेही कोणास शिकविले नाही.

या कथांचे मूळ शोधीत गेल्यास वाट पैठणास येऊन पोहोचते. बुधस्वामीचा ग्रंथ हा गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चा संक्षेप होय. ही बृहत्कथा आज उपलब्ध नाही. तिची रूपांतरे तेवढी उरली आहेत. त्यांत अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेला 'कथासरित्सागर' सर्वांत प्रसिद्ध आहे. सोमदेवाने ग्रंथाच्या आरंभीच गुणाढ्याची हकीकत दिली असून, त्यास गोदातीरीच्या प्रतिष्ठान नगरीतील सातवाहन राजाचा मंत्री म्हटले आहे. प्रतिष्ठान म्हणजेच आजचे पैठण.

ती हकीकत मोठी हृदयस्पर्शी आहे. राजा एकदा राण्यांसह जलक्रीडा करीत असता एक राणी पाण्याच्या माऱ्याने त्रासली आणि 'पाण्याने मारू नका' असे संस्कृतात म्हणाली. त्या शब्दांचा संधी राजास उलगडला नाही. त्याने मोदक आणविले! राणी हसली आणि राजा लज्जेने खिन्न झाला. संस्कृत व्याकरण सहा वर्षांत शिकवीन, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री म्हणाला, सहा महिन्यांत शिकवीन. तसे झाल्यास संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग करीन, अशी प्रतिज्ञा गुणाढ्याने केली आणि ती त्यास पाळावी लागली. मौन धरून तो विंध्यारण्यात गेला, तेथे पैशाची भाषा शिकला, आणि त्या हीन मानलेल्या भाषेत त्याने सात वर्षांत सात लक्ष श्लोकांची कथा रचली. शाई नव्हती म्हणून ती त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती भाषा पाहूनच ग्रंथ परत पाठविला. तेव्हा गुणाढ्याने अग्नी पेटविला आणि एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवीत तो त्या अग्नीत टाकू लागला. पशू चारापाणी विसरून, अश्रू ढाळीत ऐकत राहिले. राजाच्या ताटात मांस येईना असे वाळले, तेव्हा कारण शोधीत राजा तेथे आला. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष वाचले.

या आख्यायिकेचा शब्दन् शब्द इतिहास मानण्याचे कारण नाही. परंतु दोन गोष्टी ध्यानात धरण्याजोग्या आहेत. आकाशात उडणाऱ्या यंत्रांचा उल्लेख नेपाळातून मिळालेल्या बुधस्वामीच्या ग्रंथात आहे, तसाच तो काश्मीरच्या कथासरित्सागरातही आहे. तेथे मयासुराची कन्या सोमप्रभा आपल्या मैत्रिणीस लाकडी बाहुल्यांची पेटी आणून दाखविते. कळ दाबताच एक बाहुली आकाशातून जाऊन माळ घेऊन येते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते. त्याच ग्रंथात कांचीच्या दोन सुतार बंधूंचे विमान आहे. एकदा कळ फिरविली की ते आठशे योजने जाते. दोन दूरच्या प्रांतांत उतरलेल्या रूपांतरांत एकाच जातीची यंत्रे सापडतात. त्यावरून मूळ बृहत्कथेतही ती असावीत, असा तर्क करण्यास जागा आहे.

दुसरी गोष्ट यवनांच्या उल्लेखाची. तो उल्लेख अगदीच हवेतला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणचे नाव असून, भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर हे नगर आहे, असे तेथे सांगितले आहे. दुसऱ्या शतकातील ज्योतिषी व भूगोलज्ञ टॉलेमी यानेही या नगराची नोंद केली आहे. कार्ले आणि नाशिक येथील लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आढळतात. ज्या नगराच्या बाजारपेठेत यवनांचा वावर होता, तेथील कथेत चमत्कारिक यंत्रांचे पितृत्व त्यांच्याकडे जावे, यात नवल नाही. आणि योग असा की, टॉलेमीच्याच शतकात ल्युशियन नावाच्या ग्रीक भाषेतील लेखकाने वावटळीत सापडून चंद्रावर जाऊन पोहोचलेल्या एका गलबताची थट्टेखोर कथा लिहिली. पुढे युरोपात चंद्रप्रवासाच्या ज्या कथा झाल्या, त्यांच्या वंशवृक्षाच्या मुळाशी हीच कथा मानली जाते.

बुधस्वामीचा ग्रंथ अर्वाचीन जगापुढे आणण्याचे श्रेय एका फ्रेंच पंडिताकडे जाते. फेलिक्स लाकोत याने १९०८ मध्ये पॅरिस येथे गुणाढ्यावरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षापासून हा ग्रंथ फ्रेंच भाषांतरासह छापण्यास आरंभ केला. पैठणच्या कथाकाराचे आकाशयंत्र अशा रीतीने ज्या देशात जाऊन उतरले, त्या देशाने तोवर अडीचशे वर्षे चंद्रयात्रेच्या कथा रचल्या होत्या. त्या कथांची हकीकत आता पाहावयाची आहे.

त्यांतील पहिले ठळक नाव सिरानो द बर्जराक याचे. तो १६१९ मध्ये जन्मला आणि १६५५ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला. त्याची चंद्रावरील राज्यांची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १६५७ मध्ये आणि सूर्यावरील राज्यांची १६६२ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या कादंबरीचा नायक प्रथम अंगाभोवती दवाने भरलेल्या कुप्या बांधतो. सूर्य दव वर ओढतो, तेव्हा कुप्यांसह माणूसही वर जाईल, ही त्याची कल्पना. तो वर जातो खरा, पण खाली उतरतो तो पॅरिसजवळ नव्हे, तर कॅनडात. कारण मधल्या वेळात पृथ्वी त्याच्या पायांखालून फिरलेली असते. नंतर तो एक यंत्र करतो. सैनिक त्या यंत्रास शोभेच्या बाणांच्या ओळी बांधतात. एक ओळ जळून संपली की दुसरी पेट घेते. टप्प्याटप्प्याने पेटणाऱ्या अग्निबाणांच्या बळावर माणूस पृथ्वी सोडतो, हे चित्र त्या कादंबरीत आहे. लेखकाने ते विनोदाने रंगविले होते. तत्त्व मात्र खरे निघाले.

पृथ्वी फिरते, हे वाक्य त्या काळी विनोदाचे नव्हते. गॅलिलिओस १६३३ मध्ये रोम येथे शिक्षा होऊन पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. म्हणून सिरानोचा मित्र ल ब्रे याने ग्रंथ छापताना धर्ममार्तंडांस खटकतील असे उतारे गाळले; हस्तलिखितांवरून संपूर्ण पाठ छापला गेला तो विसाव्या शतकात. पैठणच्या राजाने भाषेच्या तिरस्काराने ग्रंथ नाकारला, फ्रान्समध्ये धर्मसत्तेच्या भयाने ग्रंथास कात्री लागली.

सिरानोनंतर फाँतनेल याने १६८६ मध्ये जगांच्या अनेकत्वावरील आपले संवाद लिहिले. ही कादंबरी नव्हे; परंतु पुढील कादंबऱ्यांची जमीन त्याने नांगरून ठेविली. एक विद्वान आणि एक सरदारपत्नी रात्री उद्यानात फिरत ग्रहताऱ्यांविषयी बोलतात, एवढाच त्यातील प्रसंग. पंडितांची भाषा लॅटिन असता हे संवाद फ्रेंचमध्ये लिहिले गेले, आणि श्रोत्याच्या जागी शास्त्र न शिकलेली परंतु चतुर स्त्री बसविली गेली, हे त्यातील महत्त्वाचे. व्हॉल्टेअरने १७५२ मध्ये 'मिक्रोमेगास' ही छोटी कथा लिहून हीच वाट उलटी चालविली. त्याचा नायक व्याधाच्या ताऱ्याभोवतीच्या जगातील असून एक लक्ष वीस हजार फूट उंच आहे. शनीवरील एका सोबत्यासह तो पृथ्वीवर येतो आणि आपसांत लढणारे सूक्ष्म मानवजीव भिंगातून पाहतो. माणूस चंद्रावर जाऊन काय पाहील, याऐवजी दुसऱ्या जगातून पाहिले असता माणूस किती दिसेल, हा प्रश्न व्हॉल्टेअरने विचारला. या कथेत मंगळास दोन चंद्र दाखविले आहेत. ते खरोखर आढळले १८७७ मध्ये.

तथापि या कथांत प्रवासाचे साधन हे केवळ निमित्त होते. साधनाचाच हिशोब मांडण्याची रीत ज्यूल व्हर्न याने पाडली. व्हर्न १८२८ मध्ये नांत येथे जन्मला व १९०५ मध्ये वारला. त्याची 'पृथ्वीवरून चंद्राकडे' ही कादंबरी १८६५ ची, आणि तिचा उत्तरार्ध 'चंद्राभोवती' १८७० चा. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर तोफा ओतणाऱ्यांच्या एका मंडळास काम उरत नाही, म्हणून ते चंद्रावर गोळा मारण्याचे ठरवितात, असे कथानक आहे. तोफ नऊशे फूट लांब, फ्लोरिडाच्या भूमीत उभी ओतलेली. दारूच्या जागी चार लक्ष पौंड स्फोटक कापूस. गोळा अॅल्युमिनियमचा आणि आत तीन माणसे. वेग सेकंदास बारा हजार यार्ड, म्हणजे जवळजवळ सात मैल. प्रवासाचा काळ ९७ तास १३ मिनिटे २० सेकंद. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यास लागणारा वेग खरोखरच सेकंदास सुमारे सात मैल आहे.

व्हर्नचे हे आकडे वाचकाच्या हाती दिलेले तराजू होते. वाचकाने तोलून पाहावे, आणि तोलले असता उणीवही दिसावी. ती दिसलीच. नऊशे फुटांच्या नळीत शून्यापासून सात मैलांपर्यंत वेग वाढवावयाचा, तर आतील माणसावर पृथ्वीच्या ओढीच्या वीस हजार पटींहून अधिक भार येईल. म्हणजे तेवढ्या क्षणापुरते एका माणसाचे वजन वीस हजार माणसांइतके होईल. व्हर्नने धक्का सोसण्यासाठी पाण्याची गादी योजिली होती. अशा भारापुढे ती काय टिकणार? दुसरी चूक वजनाविषयीची. पृथ्वी आणि चंद्र यांच्या ओढी जेथे समान होतात, त्या एकाच ठिकाणी प्रवासी तरंगू लागतात, असे त्याने लिहिले. वस्तुतः तोफेतून सुटून वातावरणाबाहेर पडल्यापासूनच गोळा आणि प्रवासी दोघेही सारखेच मुक्तपणे जात असतात. म्हणून ते साऱ्या वाटेवर तरंगतच राहतील.

त्याच १८६५ साली आशील एरो याची शुक्रावरील प्रवासाची कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याचे यान पाणी वेगाने मागे फेकून पुढे जाते. तत्त्व बरोबर होते; अग्निबाणही याच प्रतिक्रियेने चालतो. परंतु पाणी वाया जाऊ नये म्हणून लेखकाने ते झेलून पुन्हा वापरण्याची सोय केली, आणि तेथेच घात झाला. मागे फेकलेले पाणी यानातच झेलले, तर जितका धक्का पुढे मिळाला तितकाच मागे बसतो, आणि यान जागच्या जागी राहते. अशा रीतीने एका कादंबरीत वेग बरोबर पण साधन चुकीचे, तर दुसरीत साधनाचे तत्त्व बरोबर पण हिशोब चुकीचा, असा प्रकार झाला.

या चुकांचे पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. रशियातील शाळामास्तर त्सिओल्कोव्स्की याने व्हर्न वाचला होता, आणि या विषयाची पहिली ओढ आपणांस त्यापासून लागली, असे त्याने नमूद करून ठेविले आहे. तोफेचा मार्ग सोडून त्याने अग्निबाणाचे गणित मांडले आणि ते १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. हर्मान ओबेर्थ याने लहानपणीच व्हर्नची चंद्रयात्रा वाचून तोफेच्या धक्क्याचा हिशोब केला. प्रवासी चिरडले जातील असे त्यास आढळले आणि तोही अग्निबाणाकडे वळला. त्याचे पुस्तक १९२३ चे. या नव्या शास्त्राला नावही एका फ्रेंच कादंबरीकारानेच दिले: मंगळावरील प्रवासाची कादंबरी १९२५ मध्ये लिहिणाऱ्या थोरल्या रोनीने १९२७ मध्ये 'अॅस्ट्रोनॉटिक', म्हणजे ताऱ्यांतील नौकानयन, हा शब्द घडविला. डिसेंबर १९६८ मध्ये 'अपोलो ८' मधून तीन माणसे फ्लोरिडातून निघाली, चंद्राभोवती फिरली आणि व्हर्नच्या प्रवाशांप्रमाणेच पॅसिफिक महासागरात उतरली. जुलै १९६९ मध्ये 'अपोलो ११' चे यान उड्डाणानंतर सुमारे १०३ तासांनी चंद्राच्या भूमीवर टेकले.

आता पैठणच्या कथाकाराकडे परत यावयाचे. विमाने प्राचीन काळी होतीच, आणि पाश्चात्त्यांनी ती आमच्या ग्रंथांतून नेली, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांनी बृहत्कथेच्या या रूपांतरांचे पुन्हा एकदा वाचन करावे. त्या ग्रंथांत कळ आहे, दोरी आहे, गरुड आहे, कोंबडा आहे. परंतु भार किती, बळ किती, वेग कसा उत्पन्न होतो, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. इतकेच नव्हे, तर कथेतील सुतार स्वतःच सांगतात की ही विद्या आम्हांस येत नाही. ती कथा आहे, आणि कथा म्हणून ती मोठी आहे. तिला यंत्राचा पुरावा करावयास गेल्यास कथेचीही हानी होते आणि शास्त्राचीही.

खरा फरक कल्पनाशक्तीचा नाहीच. कोंबड्यावर बसून आकाशातून सासुरवाडीस येणारा विश्विल हा दवाच्या कुप्या बांधणाऱ्या सिरानोच्या नायकापेक्षा कल्पनेत तसूभरही कमी नाही. फरक आहे तो गुपिताचा. विश्विलाने कळ हातची राखून ठेविली, व्हर्नने ती उघड्यावर मांडली. कारागिरास यात सर्वस्वी दोष देणेही न्याय्य होणार नाही. ज्याची विद्या हेच ज्याचे पोट, आणि ज्याच्यापुढे राजा उभा राहतो तो गुरूकडून शिकणाऱ्या शिष्यासारखा नव्हे तर हिसकावून घेणाऱ्यासारखा, त्याने ती लपविली तर त्याचे काय चुकले? परंतु परिणाम टळत नाही. लपविलेली विद्या खरी असली तरी उडून जाते. उघड सांगितलेली विद्या चुकीची असली तरी दुसरा कोणी ती दुरुस्त करतो. व्हर्नची चूक त्सिओल्कोव्स्कीच्या आणि ओबेर्थच्या उपयोगी पडली. विश्विलाचे यश मात्र त्याच्या सासऱ्याच्यादेखील उपयोगी पडले नाही.

गुपिताचाच दुसरा प्रकार भाषेचा. जी भाषा लोकांस येत नाही तीत कोंडलेले ज्ञान हे कुलूप लावलेल्या पेटीसारखेच होय. या दृष्टीने एका मराठी मासिकाची आठवण करणे योग्य ठरेल. कृष्णाजी नारायण आठल्ये हे महाराष्ट्रापासून दूर कोचीन येथे राहून १८८६ पासून 'केरळकोकिळ' चालवीत. त्या मासिकातून १९०० साली व्हर्नची चंद्रयात्रा 'चंद्रलोकची सफर' या नावाने मराठीत अवतरली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'ज्योतिर्विलासा'ने मराठी वाचकास खरे आकाश नुकतेच सुबोध भाषेत दाखविले होते. आता त्या आकाशात प्रवास करण्याची कल्पनाही त्याच्याच भाषेत त्याच्या घरी आली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या. 'चंद्रावर स्वारी' ही त्यांतलीच. आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली. ते नाव जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतले होते. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाने आपली पहिली विज्ञानकथा मराठीत लिहावी, ही घटना लहान नव्हे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी 'चंद्रयान ३' चे 'विक्रम' हे अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले. ते उतरताना त्याचा वेग आणि उंची दाखविणारे आकडे क्षणाक्षणाला प्रक्षेपित होत होते, आणि खेड्यापाड्यांतील शाळांची मुले ते पाहत होती. चार वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०१९ मध्ये, 'चंद्रयान २' चा अवतरक अखेरच्या टप्प्यात निकामी झाला होता. त्या अपयशाची कारणे शोधली गेली, जाहीर झाली, आणि त्यांवरून पुढच्या यानाची रचना सुधारली गेली. वासवदत्तेच्या डोहाळ्यांना जे उत्तर तिच्या काळचे सुतार देऊ शकले नाहीत, ते अशा उघड हिशोबाने दिले गेले.

पैठणच्या घाटावरून आजही पौर्णिमेचा चंद्र गोदावरीच्या पाण्यात दिसतो. ज्या नगरीच्या दरबारातून गुणाढ्य मौन धरून निघाला, ती हीच. त्याच्या सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष जळाले, असे आख्यायिका सांगते. जळालेल्या श्लोकांत आणखी किती आकाशयंत्रे होती, हे त्या अरण्यातील पशुपक्ष्यांनी तेवढे ऐकले. परंतु जे त्यांनी ऐकले, ते त्यांना दुसऱ्यास सांगता येण्याजोगे नव्हते.